मिरी, मिरची आणि संदर्भांचा शोध

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. इथला माल दूरवर जातो. तो टवटवीत पोचला तर भाव, वाटेत मऊ पडला तर माती. या मिरचीविषयी आजवर काय लिहिले गेले हे शोधू जावे, तर पहिला अडसर तिच्या नावाचाच येतो.

संस्कृतातील ‘मरीच’ म्हणजे काळी मिरी. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त पाककृती आहेत आणि त्यांत मरीचही आहे. मात्र मिरची हे अमेरिका खंडातले झाड. ते 1492 नंतरच जुन्या जगात आले, आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांबरोबर उतरले आणि ओळखीच्या मिरीवरून त्याला नाव मिळाले. तेव्हा नुसत्या शब्दावर भिस्त ठेवणारा अभ्यासक सोमेश्वराच्या ताटात सहज मिरची वाढून मोकळा होतो! भांडारकर संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे यांचे खाद्येतिहासावरचे लेख म्हणूनच वाचावेत. पदार्थाचे नाव ग्रंथात सापडले, एवढ्यावर ते थांबत नसत. त्या ग्रंथाचा काळ कोणता, हे आधी ठरवत.

इंग्रजीतही हाच घोळ आहे. ‘पेपर’ म्हटले की मिरी, मिरची आणि ढोबळी मिरची तिन्ही हजर. लिनियसने 1753 मध्ये ‘पायपर’ आणि ‘कॅप्सिकम’ हे वंश वेगळे नोंदवले. जॉर्ज वॉटच्या 1889 पासून निघालेल्या आर्थिक उत्पादनांच्या कोशातही मिरची शोधायची ती ‘कॅप्सिकम’खाली. शास्त्रीय नाव हाताशी नसेल तर चांगली सूचीही दगा देते.

पण नाव सुटले तरी दार कोणते ठोठवायचे, हा प्रश्न उरतोच, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. अन्नशास्त्रातील संशोधनाचे गोषवारे देणारी ‘फूड सायन्स अँड टेक्नॉलॉजी अॅब्स्ट्रॅक्ट्स’ ही सूची 1969 मध्ये सुरू झाली. मिरची पूड, तिचा रंग, तिखटपणा, साठवणीतली बुरशी यांसाठी तिथे जावे. हिरवी मिरची मात्र तोडल्यावरही श्वसन करणारे जिवंत फळ आहे. तिचा संसार उद्यानविद्येच्या घरात, म्हणजे 1931 पासूनच्या ‘हॉर्टिकल्चरल अॅब्स्ट्रॅक्ट्स’मध्ये. हा भेद केवळ ग्रंथपालाच्या कपाटापुरता नाही. वाळलेल्या मिरचीला थंडी मानवते. हिरवी मात्र साधारण 7 अंश सेल्सियसच्या खाली फार दिवस ठेवली की शीतइजा होते: सालीवर खड्डे पडतात, बी काळवंडते, बाहेर काढताच कुज धरते. चुकीच्या कपाटातला लेख वाचून कुणी शीतगृहाचा काटा खाली ओढला, तर गोण्याच्या गोण्या फेकाव्या लागतील.

परभणीच्या कृषी विद्यापीठातील प्रबंध आणि कृषी खात्याचे ‘शेतकरी’ मासिक यांनाही या शोधात जागा हवी. प्रबंधात प्रयोग कुठल्या वाणावर, कुठल्या हंगामात केला हे सापडते. शेतकऱ्याच्या प्रश्नाचे शब्द मात्र मासिकात असतात. आणि कोणत्या महिन्यात किती मिरची आली, काय भावाने गेली, हे पाहायचे तर गोषवाऱ्यांच्या सूच्या मिटून बाजार समितीच्या आवक-भावाच्या नोंदीच उघडाव्या लागतात.