शाईनं खाल्लेली पानं



दिंडीला शंभर वर्षं झाली. विणेकरी, मुक्काम, पंगती यांच्याविषयी इतर मंडळींनी लिहिलंच आहे. आम्हाला दप्तराविषयी लिहायला सांगितलं. आम्ही चौथी शिकलेले. पण औत धरण्यात आणि पोथी वाचण्यात हयात गेली. जे डोळ्यांनी पाहिलं आणि जाणत्यांना विचारून जे कळलं, तेच मांडतो.

दप्तरात दोन बाडं आहेत. एक फार जुनं, बोरूनं लिहिलेलं, ओव्यांचं. दुसरं त्या मानानं अलीकडचं. पुढं अभंग, मागं मुक्कामाचा हिशेब. कोणत्या गावी कोणी पंगत दिली, कोणी पायली दिली, कोणी नुसती चिमूटभर मिठाची सेवा केली, सगळं त्यात आहे. नवल असं की जुन्या बाडाची अक्षरं अजून काळीभोर आणि अलीकडची वही तांबूस पडलेली. पान उजेडाला धरलं की अक्षरांच्या जागी भोकं दिसतात. वाळवी म्हणावी, तर वाळवी काय अक्षरं बघून खाते? कोरा कागद शाबूत आणि लिहिलेलं तेवढंच गेलं. हे खाल्लं ते शाईनंच.

शाईच्या जाती दोन. पहिली काजळीची. तेलाच्या दिव्याची काजळी धरायची, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खलायची. ही शाई कागदावर बसते, कागदात शिरत नाही. काजळी म्हणजे जळून शांत झालेला कोळसा, तो कोणाला त्रास देत नाही. दोष एकच, पाणी लागलं की पुसते. दुसरी हिराकसाची. हिरडा किंवा मायफळ कुटून त्याचा तुरट काढा करायचा, त्यात हिराकस घालायचा. लिहिताना ती फिकी दिसते, वारा लागला की काळी होते. ती कागदात मुरते, धुतली तरी जात नाही. म्हणून सरकार-दरबारी तीच आवडीची. खाडाखोड करायची सोय नाही.

पण जो गुण तोच अवगुण. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. प्रमाण चुकलं की मोकळं लोह कागदात उरतं, शिवाय आंबटपणा म्हणजे आम्लही तयार होतं. आम्ल कागदाचे धागे तोडतं, लोह हवेच्या संगतीनं आतून गंजल्यासारखं काम करतं. आधी अक्षराभोवती तपकिरी कड येते, मग पानाच्या पाठीवर अक्षर उमटतं, मग चीर जाते, शेवटी अक्षर गळून पडतं. आणि या सगळ्याला जोर चढतो तो ओलीनं.

हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. युरोपात शेकडो वर्षं हीच शाई चालली. जर्मनीतल्या बाख नावाच्या थोर संगीतकाराच्या हातच्या वह्या अशाच चाळण झाल्या. बर्लिनच्या संग्रहातली त्यांतली पानं जाडीत दोन पदर करून सोलली, मधे पातळ बळकट कागद घातला आणि पुन्हा चिकटवली. 1898 साली स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेन इथं जुन्या हस्तलिखितांच्या रक्षणासाठी परदेशातली जाणती मंडळी जमली होती. तेव्हाही ही शाई चिंतेचा विषय होती. आपल्या शेजारी गोव्याचं पोर्तुगीज दप्तर 1595 सालापासूनचं. तिथली दमट हवा आणि ही शाई, दोन्ही एकत्र आली. त्याच दप्तरातून पांडुरंग पिसुर्लेकरांनी मराठ्यांचा इतिहास काढला. तिथं गळालेलं प्रत्येक अक्षर म्हणजे आपल्याच इतिहासाचा तुकडा गेला.

उपाय आहे. तो ऐकून आमच्यातला शेतकरी हरखला. धान्याच्या कोंड्यात फायटिक आम्ल नावाचा पदार्थ असतो, तो मोकळ्या लोहाला धरून ठेवतो. त्याचा चुन्याशी मेळ घालून केलेल्या पाण्यात पान बुडवतात, मग आम्ल मारायला चुन्याच्याच क्षाराचं दुसरं पाणी देतात. ही रीत 1990 नंतर हॉलंडमध्ये बसवली गेली. पण माउली, हे घरी करायचं काम नव्हे. नुसतं पाणी लागलं तर लोह कोऱ्या कागदात पसरतं आणि नुकसान वाढतं. आधी कागदाची खास पट्टी ओलवून अक्षराला टेकवतात. ती गुलाबी झाली की मोकळं लोह आहे असं समजायचं. हे सगळं जाणत्याच्या हातूनच व्हावं.

आपल्या हातात काय? वही कोरड्या जागी, धुतलेल्या सुती रुमालात ठेवावी. पान उलटताना खाली पुठ्ठा धरावा. चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकात बंद करू नये. झेरॉक्सच्या काचेवर दाबू नये. सरळ वरून मोबाइलनं फोटो घ्यावा. आणि रागावू नका, पण गंध, हळदकुंकू, ओली फुलं पानावर वाहू नयेत. रुमालाला नमस्कार केला तरी तो पोचतो.

राहिला वारीचा प्रश्न. आषाढीची वाट म्हणजे पाऊस. आमचं म्हणणं, मूळ वही गावातच राहावी, वारीत तिची नक्कल चालावी. काही जुनी मंडळी म्हणतात, नक्कल ती नक्कल, तिला मूळ वहीची सर कशी येणार? त्यांना आम्ही हात जोडून सांगतो, नाथ महाराजांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत केली. मुंबई सरकारनं 24,000 रुपये दिले आणि जुन्या वह्या ताडून तुकोबांची गाथा 1869 आणि 1873 साली दोन भागांत छापली गेली. नक्कल झाली म्हणून तर तुमच्या आमच्या मुखी अभंग आले. उतरवून घेणं हीच आपल्या संप्रदायाची जुनी सेवा आहे.

तुकोबांची गाथा पाण्यातून वर आली, असं आपण कीर्तनात सांगतो. पाण्यात बुडालेलं देव वर काढील. पण कपाटात डोळ्यांदेखत गळणारी अक्षरं वेचायला देवानं हात आपल्याला दिले आहेत. पंगत देणाऱ्या कितीक घरांची नावं आज फक्त त्या वहीत आहेत. ज्यांच्या घरी जुनी बाडं असतील त्यांनी नदीत सोडू नयेत, आधी दिंडीला दाखवावीत. येत्या कार्तिकीच्या आत आपल्या वहीचं पान न पान उतरवून घ्यावं, अशी सर्व फडकऱ्यांना आणि विश्वस्तांना आमची विनंती आहे.

रामकृष्णहरी.