तंत्रज्ञान कंपनी कोणाला म्हणावे?

यंत्रे वापरणारा उद्योग आणि तंत्रज्ञान घडवणारा उद्योग यांत मूलभूत फरक आहे. 'तंत्रज्ञान कंपनी' हे बिरुद लागले की गुंतवणूकदार समभागाला चढा भाव देण्यास तयार होतात. त्यामुळे हा फरक केवळ शब्दांपुरता राहत नाही.

आंबेगाव तालुक्यातील मंचरचे उदाहरण घेऊ. 'पराग मिल्क फूड्स' ही १९९२ साली स्थापन झालेली कंपनी. तिच्या 'भाग्यलक्ष्मी' गोठ्यात फिरत्या चौथऱ्यावर यंत्राने दूध काढले जाते. यंत्रणा आधुनिक आहे. परंतु कंपनी विकते ते दूध, तूप व चीज. 'राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८' मध्ये उद्योगाचा वर्ग त्याच्या मुख्य कामावरून ठरतो. त्यानुसार दुग्धजन्य पदार्थांचे उत्पादन गट १०५ मध्ये, तर संगणक प्रणाली तयार करणे विभाग ६२ मध्ये येते. 'तंत्रज्ञान कंपनी' असा स्वतंत्र वर्ग त्यात नाही. निवृत्तीनगरचा 'विघ्नहर' आणि पारगावचा 'भीमाशंकर' हे सहकारी साखर कारखानेही याच न्यायाने साखर उद्योगच ठरतात.

याउलट जुन्नर तालुक्यातील खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण पाहा. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तारांच्या जाळीची त्यांची हलकी, कमी खर्चाची रचना भारतातच विकसित झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा हा प्रकल्प व्यापार करत नाही, म्हणून तो कंपनी नव्हे. तंत्रज्ञान मात्र येथे घडले.

या दोन उदाहरणांतून कसोट्या स्पष्ट होतात. ग्राहक पैसे मोजतो ते वस्तूचे की तंत्राचे? ते तंत्र कंपनीने स्वतः घडवले आहे काय? संशोधनावर ती सातत्याने खर्च करते काय? ठिबक सिंचनाचे तयार संच विकणारा हा विक्रेता. पाणी सोडण्याचे नियंत्रक यंत्र स्वतः विकसित करून विकणारा, मग तो नारायणगावच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये का बसलेला असेना, तंत्रज्ञान उद्योजक होय.

गुंतवणूकदाराला ही पडताळणी घरबसल्या करता येते. 'कंपनी कायदा २०१३'नुसार संचालक मंडळाच्या अहवालात तंत्रज्ञान आत्मसात करण्यासाठी केलेले प्रयत्न, आयात केलेले तंत्रज्ञान आणि संशोधनावरील खर्च यांची माहिती द्यावी लागते. जाहिरातीतील दाव्यापेक्षा अहवालाचे हे पान अधिक विश्वासार्ह.