बेटम्याचे ताम्रपट आणि फुकटचे दप्तर

इंदूरहून धारकडे जाणाऱ्या रस्त्यावर बेटमा नावाचे गाव लागते. पूर्वी ते होळकरांच्या मुलुखात होते, आज ते इंदूर जिल्ह्याच्या देपालपूर तहशिलीत मोडते. कोंकणच्या वाचकाला या गावाशी काही कर्तव्य असावे असे वरवर पाहता वाटत नाही. परंतु हजार वर्षांपूर्वी माळव्याच्या एका राजाने कोंकण घेतले, या विधानाचा एक मुख्य पुरावा याच गावी सापडला आहे. तो राजा म्हणजे धारचा परमार भोज, आणि तो पुरावा म्हणजे विक्रम संवत् १०७६ च्या भाद्रपद शुद्ध पौर्णिमेचे दोन ताम्रपट. इसवी सनाच्या हिशेबाने हा सन १०२० चा सप्टेंबर महिना येतो.

या ताम्रपटांचा मजकूर राजकोटच्या वॉटसन संग्रहालयाचे अभिरक्षक डी. बी. डिसकळकर यांनी 'एपिग्राफिया इंडिका' या सरकारी नियतकालिकाच्या १८ व्या खंडात (१९२५-२६) प्रसिद्ध केला. आरंभी व्योमकेश शंकराचे स्तवन, पुढे सीयक, वाक्पतिराज, सिंधुराज व भोज अशी चार राजांची नामावळी, नंतर दान. न्यायपद्र नावाच्या सतरा गावांच्या गटातील नालतडाग हे गाव कौशिक गोत्राच्या देल्ह नावाच्या पंडिताला दिले आहे. तो स्थाण्वीश्वराहून, म्हणजे आजच्या ठाणेसरहून आला होता. दानाचा प्रसंग 'कोंकणग्रहणविजयपर्व' असा सांगितला आहे. मालव्यातल्या एका ब्राह्मणाला मालव्यातले एक गाव मिळाले, त्याचे निमित्त मात्र समुद्रकाठचे!

वकिलाच्या नजरेने असले लेख वाचताना दानाच्या रकमेपेक्षा संबोधनाकडे लक्ष जाते. परमारांच्या दानपत्रांत राजा आपली आज्ञा राजपुरुषांना, ब्राह्मणांना, गावच्या रहिवाशांना आणि पट्टकिलांना उद्देशून देतो. हा पट्टकिल म्हणजे आपला पाटील. गावच्या पाटलाने यापुढे कर कोणाला भरावा हे त्याला जाहीरपणे कळले नाही, तर दानाला अर्थ उरत नाही. म्हणून ताम्रपट हा जसा दान घेणाऱ्याच्या पेटीत ठेवण्याचा दस्तऐवज, तसा तो चारचौघांसमोर वाचावयाचाही दस्तऐवज. गुप्त खरेदीखत असू शकते, गुप्त अग्रहार असू शकत नाही. आजच्या भाषेत बोलावयाचे तर हा सार्वजनिक अभिलेख होय.

आता प्रश्न असा, की हा सार्वजनिक अभिलेख आजच्या सामान्य वाचकाला वाचता येतो काय? पंचवीस वर्षांपूर्वी याचे उत्तर बहुतांशी नकारार्थी होते. 'एपिग्राफिया इंडिका'चे खंड मोजक्या ग्रंथालयांत असत. मी कायद्याचा विद्यार्थी असताना एका ग्रंथालयात हाच खंड मागितला, तेव्हा तो 'संशोधकांसाठी' आहे असे उत्तर मिळाले. संशोधक कोणाला म्हणावे, याची व्याख्या तेथील कारकुनापाशी नव्हती. ती माझ्यापाशीही नव्हती, म्हणून मी परत आलो. आज तोच खंड रत्नागिरीचा शाळामास्तर किंवा काणकोणचा दुकानदार घरबसल्या, एक पैही न देता, मोबाइलवर उघडू शकतो. हा बदल लहानसहान नाही. मात्र त्याची किंमत 'इंटरनेटवर सगळे मिळते' या सैल वाक्याने होत नाही. सगळे मिळत नाही. आणि जे मिळते ते शोधण्याचीही एक पद्धत आहे.

या मोफत दप्तराचा पाया एका दानपत्रानेच घातला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी जागतिक जालाची मूळ आज्ञावली सर्वांच्या उपयोगासाठी मोकळी केली. त्या कागदावर सही झाली नसती, तर पुढची इमारत कोणत्या अटींवर उभी राहिली असती कोण जाणे. त्यानंतर १९९६ साली अमेरिकेत ब्रूस्टर केल यांनी इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था काढली. आपल्याकडेही त्याच सुमारास सरकारी व विद्यापीठीय प्रयत्नांतून जुन्या ग्रंथांची छायाचित्रे घेण्याचे काम सुरू झाले. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या नावाने झालेल्या त्या कामातील असंख्य प्रती पुढे इंटरनेट आर्काइव्हवर जाऊन पोचल्या. पाने उलटी, काही गाळलेली, ग्रंथांची नावे रोमन लिपीत मनास येईल तशी लिहिलेली, असा तो संसार आहे. तरीही घरात दिवा नसलेल्याने पणतीची वात वाकडी म्हणून कुरकुर करू नये.

बेटम्याचा लेख शोधणाऱ्याने प्रथम काय करावे? केवळ गावाचे नाव टाकले तर गावाची लोकसंख्या, तेथील गुरुद्वारा, जमिनीच्या जाहिराती, असा पसारा समोर येतो. छापील अक्षरे वाचणारे यंत्र जुन्या खंडांतील रोमन अक्षरांवरच्या रेघा व टिंबे हमखास चुकवते. म्हणून संस्कृत शब्द जसाच्या तसा शोधला तर हाती काही लागत नाही. अनुभवाची वाट वेगळी आहे. दे. रा. भांडारकर यांनी उत्तर हिंदुस्थानातील लेखांची जी यादी केली, ती 'एपिग्राफिया इंडिका'च्या १९ ते २३ या खंडांना पुरवणी म्हणून जोडलेली आहे. ती संवताच्या क्रमाने लावलेली असल्यामुळे १०७६ हे वर्ष काढले की बेटम्याची नोंद सापडते, आणि नोंदीत खंड व पृष्ठ दिलेले असते. मग खंड उघडावा. छापील पृष्ठांक आणि पडद्यावरच्या चित्राचा क्रमांक एक नसतो, एवढे भान ठेवले म्हणजे पुरे. यादी आधी, ग्रंथ नंतर, हा जुन्या ग्रंथपालांचा नियम नव्या जालातही खराच ठरतो.

भांडारकरांच्या त्याच यादीत बेटम्याच्या शेजारी आणखी एक नोंद दिसते, ती केवळ यंत्राच्या शोधावर विसंबणाऱ्याला बहुधा दिसली नसती. राजस्थानातील बांसवाडा येथील भोजाचा ताम्रपट त्याच संवताचा, परंतु माघ शुद्ध पंचमीचा आहे. म्हणजे सन १०२० चा जानेवारी. तो हुल्ट्श यांनी ११ व्या खंडात छापला. त्यात वटपद्रक गावातील शंभर निवर्तने जमीन भाइल नावाच्या ब्राह्मणाला दिली असून प्रसंग 'कोंकणविजयपर्व' असा आहे. आठ महिन्यांच्या अंतराने दोन दाने. एकात विजय, दुसऱ्यात ग्रहण व विजय. या एका शब्दावर पंडितांचा वाद आहे. काहींच्या मते आधी रणात जय मिळाला आणि पुढे मुलूख ताब्यात आला. काही 'पर्व' शब्दाचा अर्थ वार्षिक उत्सव असा घेतात. मला स्वतःला पहिले मत अधिक पटते. दानपत्र लिहिणारा कायस्थ शब्द उधळत नाही, आणि वर्षश्राद्धासारखा विजयाचा वाढदिवस धरला तर माघ व भाद्रपद हे दोन वेगळे महिने कसे जुळवावयाचे?

तथापि कोंकणच्या वाचकाने येथे थांबून विचारले पाहिजे: कोणते कोंकण? आज कोंकण म्हटले की डोळ्यांपुढे डहाणूपासून कारवारपर्यंतची पट्टी येते, आणि गोमंतकीय वाचक त्यात आपलाही प्रदेश धरतो. भोजाच्या वेळी या पट्टीवर एक राजा नव्हता. उत्तरेस ठाण्याकडे एक शिलाहार घराणे होते. त्यातील अरिकेसरीचा शके ९३९ (सन १०१७) चा ताम्रपट ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना १७८७ साली सापडला आणि कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्याच खंडात आला. दक्षिणेस दुसरे शिलाहार घराणे होते. त्याच्या रट्टराजाचा खारेपाटणचा ताम्रपट शके ९३० (सन १००८) चा आहे. तो प्रथम उजेडात आणला 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात. त्या लेखात याच घराण्यातील ऐयपदेवाला चंद्रपुराजवळ नारळाच्या पाण्याने अभिषेक झाल्याचा उल्लेख आहे. हे चंद्रपूर म्हणजे गोव्यातील चांदर. समुद्राकाठच्या राजाला गंगोदकापेक्षा शहाळे जवळचे वाटले, ही गोष्ट मला फार आवडते!

हे सर्व लेख आज जालावर मोफत पाहता येतात, आणि ते एकत्र ठेवल्यावर भोजाच्या 'ग्रहणा'चे माप थोडे उतरते. कल्याणीच्या चालुक्य जयसिंहाचा मिरजेचा ताम्रपट शके ९४६ (सन १०२४) चा आहे. त्यात सप्तकोंकणाच्या अधिपतींचे धन आपण हरण केले असे तो सांगतो. शके ९४८ (सन १०२६) मध्ये शिलाहार छित्तराज भांडुपच्या ताम्रपटात पुरी-प्रमुख चौदाशे गावांच्या कोंकणावर राज्य करताना दिसतो. हा लेख ब्यूलर यांनी 'इंडियन अँटिक्वरी'च्या पाचव्या खंडात छापला. म्हणजे भोजाचा विजय १०२० चा, आणि सहा वर्षांत जुने घराणे जागच्या जागी! छित्तराज भोजाच्या हुकमतीखाली गेला होता काय, की चालुक्याने माळव्याचे ठाणे उठविल्यावर त्याला मोकळीक मिळाली, हे केवळ ताम्रपटांवरून ठरत नाही. गोव्यापर्यंत भोजाचे सैन्य पोचले असे दाखविणारा शब्द बेटम्याच्याही पत्र्यावर नाही आणि बांसवाड्याच्याही नाही. 'भोजाने कोंकण जिंकले' हे वाक्य चूक नव्हे. परंतु ते वाचून 'भोजाने गोवा जिंकले' असे लिहिणारा आपल्या पदरची भर घालतो.

येथेच मोफत माहितीच्या सोयीबरोबर येणारी जोखीम दिसते. ग्रंथालयात एक पुस्तक दुसऱ्याची नक्कल करी तेव्हा निदान छापण्याचा खर्च आड येत असे. जालावर एक वाक्य दहा ठिकाणी उमटायला काहीच लागत नाही, आणि वाचकाला वाटते की आपल्याला दहा साक्षीदार मिळाले. न्यायालयात एकाच माणसाचे ऐकून सांगणारे दहा जण उभे केले तर त्यांची साक्ष दहापट होत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम ९० होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ९२ ने घेतली आहे. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला असेल तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरे मानण्यास न्यायालयास मुभा आहे. जोर वयावर जितका, तितकाच ताब्यावर. बेटम्याचा ताम्रपट हजार वर्षांचा आहे म्हणून आपण त्यावर विसंबत नाही. तो कोठे सापडला, कोणी वाचला, त्याचे छायाचित्र कोठे छापले, ही साखळी अखंड आहे म्हणून विसंबतो. संकेतस्थळावरच्या वाक्यालाही हाच प्रश्न विचारावा: हे कोणाच्या ताब्यातून आले?

मोफत मिळणे आणि मुक्त असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ सुशिक्षित माणसे यात घोळ करतात. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, आणि सरकारी ग्रंथाच्या बाबतीत प्रकाशनानंतर साठ वर्षे हक्क राहतो. १९२५-२६ चा खंड केव्हाच मोकळा झाला. पण म. म. वा. वि. मिराशी यांनी संपादिलेला शिलाहारांच्या लेखांचा मोठा सरकारी खंड १९७७ चा आहे. त्याची मुदत २०३७ अखेर संपेल. त्यांचा 'शिलाहार राजवंशाचा इतिहास आणि कोरीव लेख' हा मराठी ग्रंथ तर १९८५ साली वारलेल्या लेखकाचा, म्हणून २०४५ अखेरपर्यंत बांधलेला. त्यांची प्रत पडद्यावर दिसली म्हणजे ती छापून विकण्याचा परवाना मिळाला असे नव्हे. वाचावे, टिपणे काढावीत, मर्यादित उतारा द्यावा, याला कायद्याची आडकाठी नाही. न्यायनिर्णयांविषयी सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २००७ रोजी ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात हीच रेघ ओढली आहे: निर्णयाचा मूळ मजकूर सर्वांचा, संपादकाने त्यावर कौशल्याने केलेली विशिष्ट भर मात्र संपादकाची. पुढे २ जानेवारी २०२३ पासून त्याच न्यायालयाने आपले अधिकृत निर्णयसंग्रह ई-एससीआर या नावाने विनामूल्य खुले केले. तालुक्याच्या ठिकाणी वकिली करणाऱ्या तरुणाला, ज्याच्या खोलीत निर्णयसंग्रहांचे कपाट परवडत नाही, याचे मोल विचारून पाहावे.

मराठीत या दृष्टीने आपण अगदीच दरिद्री नाही. वाईत सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचे खंड जालावर विनामूल्य वाचता येतात. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाने शोधता येईल अशा रीतीने ठेवली आहे. जुन्या दस्तऐवजातील शब्द अडला की तिच्यासारखा दुसरा आधार नाही. कोंकणीच्या बाबतीत गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये जे केले त्याचा उल्लेख या अंकाच्या वाचकांसाठी मुद्दाम करतो. विद्यापीठाने आपल्या चार खंडांच्या कोंकणी विश्वकोशाचा मजकूर मुक्त परवान्याखाली दिला. म्हणजे तो नुसता वाचावयासच नव्हे, तर श्रेय देऊन पुन्हा वापरावयास, सुधारावयासही मोकळा झाला. दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, कोंकणी विकिपीडिया स्वतंत्रपणे सुरू झाला. नालतडागाच्या दानात राजाने पुढील राजांना बजावले होते की दिलेले परत घेऊ नये. मुक्त परवान्याचीही अट जवळजवळ तीच आहे: एकदा दिले की मागे घेता येत नाही.

मात्र बेटम्याच्या ताम्रपटांचे मराठी किंवा कोंकणी भाषांतर, मूळ पाठासह, मुक्त परवान्याखाली, एका ठिकाणी ठेवलेले माझ्या पाहण्यात आलेले नाही. पाठ डिसकळकरांनी शंभर वर्षांपूर्वी दिला, त्यावरचा हक्क संपला, छायाचित्रे उपलब्ध आहेत. बांसवाडा, ठाणे, खारेपाटण, मिरज आणि भांडुप यांचे पाठही तसेच पडून आहेत. सहा ताम्रपट, दोन भाषा. इंदूर, मुंबई आणि मडगाव येथील चार संस्कृतज्ञ व एक संगणक जाणणारा मुलगा यांना एका पावसाळ्यात पुरे होईल एवढेच हे काम आहे.