कलाकारांचा स्वतःचा ‘ग्रुप शो’ म्हणजे काय? कोंडाण्याच्या लेण्यापासून १९४९च्या मुंबईपर्यंत

कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांचे रील्स पावसाळ्यात तुमच्या फीडवर येतातच. चैत्यगृहावरून कोसळणारं पाणी आणि खाली भिजणारी मंडळी. पुढच्या वेळी गेलात तर चैत्याच्या दर्शनी भागात डावीकडे बघा. तिथे एका मोडलेल्या यक्षमूर्तीचं डोकं उरलंय आणि शेजारी ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. अर्थ साधारण असा: कान्हाचा शिष्य बलक याने हे केलं.

यात विशेष काय? लेण्यांमधले बहुतेक शिलालेख दान देणाऱ्यांची नावं सांगतात. कोंडाण्यात सुमारे २००० वर्षांपूर्वी घडवणाऱ्याचं नाव लागलं. (‘अंतेवासी’ हा शब्द भिक्षूच्या शिष्यालाही वापरत, त्यामुळे थोडा वाद आहे. पण बरेच अभ्यासक ही शिल्पकाराची सहीच मानतात.)

आता थेट १९४७च्या मुंबईत येऊ. तेव्हा चित्र भिंतीवर लागायचं तर मोठा रस्ता बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनातून जायचा. संस्था १८८८ची, वजनदार. परीक्षक चित्रं निवडणार, बाकीची परत जाणार. कृष्णाजी आरा यांचं स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीवरचं मोठं चित्र असंच नाकारलं गेलं. आरा म्हणजे घरकाम करून, गाड्या पुसून पोट भरलेला आणि मिठाच्या सत्याग्रहात उतरलेला माणूस. त्या नकारावरूनच फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा आणि आरा एकत्र आले, असं सांगितलं जातं. मग प्रत्येकाने एकेक माणूस आणला: सूझांनी मकबूल फिदा हुसेन, रझांनी हरी अंबादास गाडे आणि आरांनी शिल्पकार सदानंद बाकरे. असा सहा जणांचा ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ तयार झाला.

जरा त्यांचे बायोडेटा बघा. सूझा मूळचे गोव्यातल्या साळगावचे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकलेले. पंढरपूरला जन्मलेले हुसेन सिनेमाची होर्डिंग्ज रंगवायचे. गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, विज्ञानाचे पदवीधर. ‘आर्ट सर्कल’वाला आत्मविश्वास यातल्या फारशा कुणाकडे जन्मजात नव्हता.

त्यांचं मुंबईतलं गाजलेलं पहिलं प्रदर्शन ७ जुलै १९४९ रोजी उघडलं. उद्घाटक होते लेखक मुल्कराज आनंद. जागा? रॅम्पार्ट रोवरचं बॉम्बे आर्ट सोसायटीचंच सलॉन! जहांगीर आर्ट गॅलरी उघडायला अजून अडीच वर्षं होती, दुसरीकडे जाणार कुठे?

कलाकारांनी चालवलेल्या समूहाचं वेगळेपण इथेच दिसतं. गॅलरीच्या प्रदर्शनात गॅलरी कलाकार निवडते आणि विक्रीतला वाटा घेते. इथे सदस्यच एकमेकांना निवडतात. कॅटलॉगचा मजकूरही सूझांनीच लिहिला. आशय आणि तंत्र यांत आम्हाला पूर्ण मोकळीक हवी, जुन्या शैलींचं पुनरुज्जीवन करण्यात रस नाही, असा त्याचा सूर होता. म्हणूनच सहा जणांची मिळून एक शैली झाली नाही. ‘प्रोग्रेसिव्ह स्टाइल’ असं कुणी पोस्टमध्ये लिहिलं तर खुशाल शंका घ्या.

अर्थात सगळं एकट्याच्या बळावर झालं, असंही नाही. टाइम्स ऑफ इंडियाचे समीक्षक रूडी फॉन लायडन, तिथलेच कला संचालक वॉल्टर लँगहॅमर आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर या युरोपातून आलेल्या मंडळींचा पाठिंबा मोलाचा होता.

ग्रुप टिकला मात्र थोडाच. १९४९मध्येच सूझा लंडनला गेले, १९५०मध्ये रझा पॅरिसला आणि मग बाकरेही लंडनला. नंतर वासुदेव गायतोंडे, कृष्ण खन्ना, मोहन सामंत आले. १९५३च्या प्रदर्शनात कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये यांचीही चित्रं होती. होय, ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या भानू अथय्या त्याच. पुरुषांच्या या यादीत त्यांचं नाव बहुतेक वेळा गळतं, हे मला खटकतं. १९५६मध्ये ग्रुप विसर्जित झाला.

मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हुसेन यांचं १९५४चं ‘ग्रामयात्रा’ सुमारे ११८ कोटी रुपयांना विकलं गेलं आणि पुन्हा या ग्रुपच्या बातम्या आल्या. बातम्यांमध्ये हुसेन, रझा, सूझा, गायतोंडे ही नावं असतातच. गाडे आणि बाकरे क्वचित दिसतात. बाकरे लंडनहून परतले ते कोकणात, मुरुडला. तिथेच राहिले आणि डिसेंबर २००७मध्ये वारले. मुरुडचा समुद्रकिनारा तुम्ही कदाचित पाहिला असेल, पण ग्रुपमधला एकमेव शिल्पकार तिथे राहत होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?