चुलीपुढचं काळीज

आज्जीच्या पायांत चपला मावेनाशा झाल्या, तेव्हा घरात कुणी फार मनावर घेतलं नाही. तासगाव तालुक्यातलं आमचं द्राक्षबागांचं गाव. "वय झालं की पाय सुजायचेच," असं आधी तीच म्हणाली. नडगीवर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. धाप तर कित्येक वर्षांची. शेवटी मिरजेला नेलं. आमच्या भागात मोठं दुखणं म्हणजे मिरज. तिथं एका तरुण डॉक्टरांनी तिच्या मानेची फुगलेली शीर पाहिली, उजव्या बरगडीखाली हात दाबून पाहिला आणि विचारलं, "विडी ओढता का, आज्जी?" ती हसली. मग शेजारी उभ्या असलेल्या वयस्कर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला?"

हा दुसरा प्रश्न विचारायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला.

हृदय म्हणजे खरं तर शेजारी शेजारी बसवलेले दोन पंप. डावा सगळ्या अंगाला रक्त पुरवतो, म्हणून त्याची भिंत जाड. उजव्याला फक्त शेजारच्या फुप्फुसांत रक्त ढकलायचं असतं. डावीकडे दाब 120 च्या आसपास, उजवीकडे 25. त्यामुळे उजव्याची भिंत पातळ. फुप्फुसात हवा नीट पोचली नाही की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. हे 1946 मध्ये स्वीडनमधल्या फॉन ऑयलर आणि लिलयेस्ट्रांड यांनी मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवलं. आकसलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलताना पातळ भिंतीचा पंप आधी जाड होतो, मग ताणून सैल पडतो. रक्त मागं तुंबतं. आधी मानेच्या शिरा, मग यकृत, मग पाय. मराठीत 'काळीज' हा शब्द यकृतालाही चालतो आणि हृदयालाही. या आजारात दोन्ही एकदमच बिघडतात.

अर्थात उजवं हृदय थकण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण म्हणजे आधी डावं थकणं. लहानपणीच्या सांधेतापानं झडप आकसणं, क्षयानं फुप्फुसात वण राहणं, पायातली गुठळी फुप्फुसात जाऊन अडकणं, अशीही कारणं असतात. पण फुप्फुसाच्या जुन्या दुखण्यानं उजवं हृदय निकामी होतं, त्याला डॉक्टर 'कॉर पल्मोनेल' म्हणतात. हे नाव रूढ करण्यात बोस्टनच्या पॉल डडली व्हाइट यांचा मोठा हात होता. इंग्लंडमध्ये हा पुरुषांचा आजार समजला जाई: सिगारेट, कोळशाचा धूर, कारखाना, खोकणारा म्हातारा.

याच व्हाइट यांच्याकडे शिकून डॉ. एस. पद्मावती भारतात आल्या. जन्म ब्रह्मदेशातला, 1917 चा. महायुद्धात जपानी फौजा आल्या तेव्हा घर सोडून निघालेल्या. 1953 पासून दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात. बायकांचं कॉलेज, बायकांचं हॉस्पिटल. तिथं त्यांनी हृदयात नळी घालून आतला दाब मोजण्याची सोय उभी केली. 1929 मध्ये जर्मनीत वर्नर फोर्समन नावाच्या तरुण डॉक्टरानं स्वतःच्या हाताच्या शिरेतून उजव्या हृदयापर्यंत नळी सरकवली होती, आणि तसाच चालत जाऊन एक्स-रे काढला होता. त्या वेड्या धाडसाला 1956 मध्ये नोबेल मिळालं.

पद्मावती आणि पाठक यांनी 1959 मध्ये दिल्लीतल्या कॉर पल्मोनेलच्या 127 रुग्णांचा अभ्यास छापला. पुस्तकी समजुतीप्रमाणे बायका तुरळक असायला हव्या होत्या. तशा त्या नव्हत्या. पुढच्या वर्षांत त्यांच्या कामातून चित्र आणखी स्पष्ट झालं: तंबाखू ओढणाऱ्या बायका थोड्याच, तरी हा आजार त्यांना पुरुषांच्या बरोबरीनं, आणि तोही कमी वयात. बोट गेलं ते बंद खोलीतल्या चुलीकडं, शेणी आणि लाकडाच्या धुराकडं. मला यातलं सगळ्यांत मोठं काम नळीचं वाटत नाही. बायका मोजल्या, हे वाटतं.

दिल्लीच्या जागी तासगाव ठेवा, फारसं काही बदलत नाही. आमच्या चुलीत शेणी, तुरकाट्या आणि छाटणीनंतरच्या द्राक्षाच्या वाळक्या काड्या. तास-ए-गणेश जातीची द्राक्षं देशभर गेली. काड्या आज्जीच्या चुलीत आल्या. ओल्या असल्या की फुंकणीनं फुंकत बसायचं, डोळ्यांतून पाणी, पाठीवर माझा बाप. म्हणजे धूर त्यानंही घेतलाच. 2009 मध्ये पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत 'द लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला, तेव्हाही ही गोष्ट पुन्हा पटवून द्यावी लागत होती. पद्मावतींच्या अभ्यासाला 50 वर्षं झाली होती.

आता घरात गॅस आहे. पाणी तापवायला मात्र चूलच, कारण सिलिंडर पुरवायचा असतो. आणि हायवेवर 'चुलीवरचं मटण' अशी पाटी दिसली की आपण गाडी थांबवतो. मीही थांबवतो. ती भाकरी थापणारी बाई पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर बसलेली असते.

आज्जीची इको झाली, बोटाला ऑक्सिमीटर लागलं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पायांची सूज उतरली, पण त्या मनानं वाढवायच्या नाहीत असं बजावलं गेलं. अंगातलं पाणी फार कमी झालं तर थकलेल्या उजव्या पंपाला पुढं ढकलायला रक्तच पुरत नाही. मीठ कमी झालं, लोणचं बंद झालं, त्यावरून आठवडाभर रुसवा चालला. खरा आधार ऑक्सिजनचा. रक्तातला ऑक्सिजन फार कमी असलेल्या अशा रुग्णांना दिवसातून 15 तास किंवा जास्त ऑक्सिजन दिला तर आयुष्य वाढतं, हे अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या चाचण्यांनी 1980-81 मध्येच दाखवलं होतं. आमच्याकडं मशीन आलं, त्याच्यासोबत इन्व्हर्टरही आला.

पद्मावती 2020 च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या 103 व्या वर्षी, कोविडनं गेल्या. तोवर सगळ्या देशाला ऑक्सिमीटर हा शब्द पाठ झाला होता.

मशीन बसवायला आलेल्या पोरानं नळी लावून दाखवली आणि सांगितलं, ऑक्सिजनजवळ जाळ चालणार नाही. त्याच संध्याकाळी वडिलांनी पाणी तापवायची चूल उचलून परसात नेली. आज्जी खाटेवरून बघत होती. म्हणाली, "एवढ्यासाठी मशीन लागलं व्हय."