जन्म सत्तावीस ओळींत, जबाबदारी पन्नास वर्षांची

अँड्रॉइड फोनवर आपण एखादे अ‍ॅप उघडतो, मग ते नमाजच्या वेळा सांगणारे असो की बातम्यांचे, तेव्हा पडद्यामागे एक जन्म होतो. फोन सुरू होतानाच ‘झायगोट’ नावाची एक प्रोसेस तयार होऊन बसलेली असते. आपण अ‍ॅपच्या चिन्हावर बोट टेकवले की ती स्वतःची नक्कल काढते आणि ती नक्कल पुढे आपले अ‍ॅप बनते. जीवशास्त्रात फलित पेशीला झायगोट म्हणतात, हे विज्ञानाच्या शिक्षकांना सांगायला नको.

प्रोसेस म्हणजे काय? डिस्कवर साठवलेला प्रोग्राम ही वहीत लिहिलेली पाककृती असते. ती चुलीवर चढली की प्रोसेस झाली. एका चालत्या प्रोग्रामने दुसरा प्रोग्राम सुरू करायचा, त्याला काम द्यायचे, उत्तर घ्यायचे आणि तो संपल्यावर त्याचा हिशोब मिटवायचा, हे आज प्रत्येक संगणकात क्षणोक्षणी चालते. या व्यवस्थेचा इतिहास तंत्रज्ञांपुरता ठेवण्यासारखा नाही. निर्माण करणे किती सोपे आणि निर्माण केलेल्याची जबाबदारी घेणे किती अवघड, हे त्यातून फार स्वच्छ दिसते.

फाटा कुठून फुटला?

1963 साली मेल्विन कॉन्वे या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने एका परिषदेत एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या यंत्राच्या रचनेवर निबंध मांडला. त्यात ‘फोर्क’ आणि ‘जॉइन’ अशा दोन कल्पना होत्या. फोर्कसाठी मराठीत नेमका शब्द आहे, फाटा. रस्त्याला फाटा फुटतो तसा कामाच्या एका प्रवाहाला फाटा फुटावा, दोन्ही वाटांवर काम चालावे आणि पुढे ‘जॉइन’पाशी त्या पुन्हा एकत्र याव्यात. फुटणे आणि परत भेटणे, दोन्ही एकाच विचाराचे भाग होते.

पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या ‘प्रोजेक्ट जीनी’त एसडीएस 940 या यंत्रासाठी टाइमशेअरिंग यंत्रणा उभी राहिली. एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरायचे, हा तिचा हेतू. फोर्क तिथे होता. त्याच बर्कलेत शिकलेले केन थॉम्पसन नंतर बेल लॅब्जमध्ये गेले. 1969 मध्ये बेल लॅब्जने ‘मल्टिक्स’ या महत्त्वाकांक्षी प्रकल्पातून अंग काढून घेतले. मग थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-7 या छोट्या यंत्रावर स्वतःची यंत्रणा लिहायला घेतली. तीच पुढे युनिक्स म्हणून ओळखली गेली.

सुरुवातीच्या युनिक्समध्ये फोर्क नव्हता. प्रत्येक टर्मिनलला एकच प्रोसेस मिळत असे. वापरणाऱ्याचे आदेश वाचणारा प्रोग्राम म्हणजे शेल. आदेश मिळाला की शेल त्या प्रोग्रामला स्मृतीतली आपलीच जागा देऊन टाकी आणि स्वतः पुसला जाई. काम संपले की शेलची ताजी प्रत पुन्हा डिस्कवरून आणली जाई. एकच खाट, आळीपाळीने झोपायचे, असा कारभार.

फोर्क जोडायचा ठरला तेव्हा बराचसा सरंजाम हाताशीच होता. प्रोसेस स्मृतीतून डिस्कवर हलवायची सोय आधीच होती. चालू प्रोसेसची एक प्रत तिथे ठेवायची आणि प्रोसेसच्या नोंदवहीत एक ओळ वाढवायची, एवढेच काम उरले. रिची यांनी नंतर लिहिलेल्या इतिहासात आकडा नोंदवला आहे: पीडीपी-7 वरच्या फोर्कला असेंब्ली भाषेच्या नेमक्या 27 ओळी लागल्या.

आनंदात बिघाड

रिची यांनी या यशासोबत त्यातले बिघाडही लिहून ठेवले, हे त्यांचे मोठेपण. फोर्क आला, सगळे खूश झाले आणि तेवढ्यात ‘सीएचडीआयआर’ हा फोल्डर बदलण्याचा साधा आदेश चालेनासा झाला. कारण पाहा. आता प्रत्येक आदेश शेलच्या अपत्यात चालत होता. अपत्य इमाने इतबारे दुसऱ्या फोल्डरमध्ये जाई आणि तिथेच संपून जाई. पालक शेल मात्र जिथल्या तिथे. मुलगा मुंबईला गेला म्हणून बापाचा पत्ता बदलत नाही! शेवटी तो आदेश शेललाच स्वतः पार पाडायला शिकवावे लागले.

दुसरा बिघाड याच्या उलट होता. एका यादीतले दोन आदेश एकाच फाइलमध्ये लिहू लागले की दुसऱ्याचे लिखाण पहिल्याच्या लिखाणावर चढे. फाइलमध्ये आपण कुठवर पोहोचलो ही खूण प्रत्येक प्रोसेस आपल्यापाशी ठेवत होती, त्यामुळे पुढच्याला मागच्याचा पत्ता नसे. ती खूण सामाईक नोंदीत न्यावी लागली. पालक आणि अपत्य यांच्यात काय सामाईक आणि काय स्वतंत्र, हा प्रश्न त्या 27 ओळींनी सोडवला नव्हता, उलट जन्माला घातला होता.

या रचनेचे एक सौंदर्यही आहे. युनिक्समध्ये जन्म एका पायरीत होतो आणि नवे रूप दुसऱ्या पायरीत मिळते. फोर्कने नक्कल निघते आणि ‘एक्झेक’ने ती नक्कल दुसरा प्रोग्राम बनते. मधल्या क्षणी अपत्य आपली तयारी करून घेते. कुठून वाचायचे, कुठे लिहायचे, हे तिथेच ठरते. या फटीचा पुरेपूर उपयोग ‘पाइप’ने केला. एका प्रोग्रामचे उत्पादन दुसऱ्यात नळीने सोडावे ही कल्पना डग्लस मॅकिलरॉय यांनी 1964 मध्येच टिपून ठेवली होती. 1973 सालच्या युनिक्सच्या तिसऱ्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेत पाइप दिसतो.

मेलेले आणि यतीम

अपत्य संपले की ते जाताना एक अंक ठेवून जाते. शून्य म्हणजे काम फत्ते, दुसरे काही असेल तर कुठेतरी गडबड. तो अंक पालकाने ‘वेट’ या हाकेने येऊन घ्यायचा असतो. पालक आलाच नाही तर? अपत्य मेलेले असते, त्याची स्मृती मोकळी झालेली असते, पण नोंदवहीतले नाव तसेच राहते. घरातले कुणी जाऊन कमी करून घेत नाही तोवर शिधापत्रिकेवर मयताचे नाव राहते, तसेच हे. अशा प्रोसेसला ‘झोंबी’ म्हणतात. एकदोन झोंबींनी काही बिघडत नाही. मात्र वर्षभर न थांबता चालणाऱ्या सर्व्हरवर ते साचत गेले तर नोंदवही भरते आणि नव्या प्रोसेसना जन्म घ्यायला जागा उरत नाही. गुन्हा मेलेल्याचा नसतो, हिशोब न मिटवणाऱ्या पालकाचा असतो.

उलट घडते तेव्हा, म्हणजे अपत्य जिवंत असताना पालकच मेला तर, ते अपत्य अनाथ होते. आपल्या घरात ज्याला यतीम म्हणतात तेच. युनिक्सने त्याची सोय केली. पहिल्या क्रमांकाची ‘इनिट’ ही प्रोसेस अशा सर्वांची वली होते आणि ते संपल्यावर त्यांचा हिशोब मिटवते.

इथे एक फरक लक्षात येतो. इस्लाममध्ये यतीमाचा सांभाळ हे मोठे पुण्यकर्म आहे, पण सांभाळणाऱ्याचे नाव बापाच्या जागी लावता येत नाही. नसब कायम राहते. युनिक्सने मात्र वलीलाच बाप करून टाकले. पालकाच्या रकान्यात थेट 1 हा अंक येतो आणि मूळ जन्मदात्याची नोंद तिथून पुसली जाते. याचे परिणाम पुढे जाणवले. एखादी सेवा बंद करताना तिच्यापासून निपजलेली सगळी पिलावळ कोणती, हे त्या रकान्यावरून ओळखता येईना. 2008 मध्ये लिनक्सच्या 2.6.24 या आवृत्तीत ‘सीग्रुप’ आले. कुळाची नोंद तिथे वेगळी राहते आणि पालक गेला तरी ती पुसली जात नाही. नसब जपण्याची गरज यंत्रालाही भासली, ती अशी.

मधला दुभाष्या

हे सगळे हाताने करणे कटकटीचे असते. म्हणून 1979 च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये ‘सिस्टम’ आणि ‘पीओपन’ अशा तयार सोयी होत्या. आदेशाचे एक सलग वाक्य लिहून द्यायचे, बाकीचे शेल पाहून घेईल. आता शेल हा दुभाष्या आहे आणि विरामचिन्हांना तो स्वतःचा अर्थ लावतो. ‘रोको मत जाने दो’ या वाक्यात स्वल्पविराम कुठे दिला यावर कैद्याची सुटका की अटक हे ठरते, हे उदाहरण भाषेच्या प्रत्येक वर्गात दिले जाते. शेलचेही तसेच. मोकळी जागा दिसली की त्याच्यासाठी शब्द संपला, अर्धविराम दिसला की आदेश संपला आणि दुसरा सुरू झाला. कुणी खोडसाळपणे फाइलच्या नावातच अर्धविराम घालून पुढे ‘सगळे पुसून टाक’ असा आदेश लिहिला, तर शेल तोही इमानाने पाळतो. परक्याच्या हातचे शब्द आपल्या वाक्यात न तपासता घेतल्याची ही किंमत.

पायथन भाषेत या कामासाठी वेगवेगळ्या अनेक सोयी जमल्या होत्या. त्यांच्या जागी एकच नीट रचना असावी असा प्रस्ताव पीटर ऑस्ट्रँड यांनी 2003 मध्ये मांडला आणि 2004 च्या पायथन 2.4 मध्ये ‘सबप्रोसेस’ हे मॉड्यूल आले. त्यात शेल आपणहून मध्ये येत नाही. आदेश आणि त्याचे शब्द सुटे सुटे, यादीच्या रूपात द्यायचे. यादीतल्या नावात अर्धविराम असला तरी ते नावच राहते.

तरीही एक सापळा उरतो. लिनक्सवर पाइपची क्षमता साधारणपणे 65,536 बाइट असते. अपत्य लिहीत राहते, पाइप भरतो, ते थांबते. पालक मात्र पाइप रिकामा न करता अपत्य संपण्याची वाट पाहत बसतो. दोघेही एकमेकांसाठी खोळंबतात आणि काम कायमचे ठप्प होते. म्हणून या मॉड्यूलमध्ये ‘कम्युनिकेट’ ही सोय आहे. ती वाचत राहते आणि वाटही पाहते. पालकाने नुसते थांबून चालत नाही, ऐकतही राहावे लागते.

वारसा टाकायचा की शिकवायचा?

2019 मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्च, बॉस्टन विद्यापीठ आणि ईटीएच झुरिक इथल्या चार संशोधकांनी फोर्कवर कडक टीका करणारा निबंध लिहिला. आजचा प्रोग्राम एकाच वेळी अनेक धाग्यांनी काम करतो. फोर्क मात्र हाक देणाऱ्या एकाच धाग्याची नक्कल करतो. बाकीच्या धाग्यांनी लावलेली कुलुपे नकलेत तशीच बंद राहतात आणि ती उघडणारे तिथे नसतात. विद्यार्थ्यांना फोर्क इतिहासाचा अवशेष म्हणून शिकवावा, प्रोसेस निर्माण करण्याची पहिली रीत म्हणून नव्हे, असे त्यांचे म्हणणे आहे. 2025 च्या पायथन 3.14 नेही अनेक प्रोसेस चालवण्याच्या आपल्या मॉड्यूलमध्ये लिनक्सवर थेट फोर्कची जुनी सवय सोडली.

हा सल्ला पटण्यासारखा आहे, पण इतिहासाचा अवशेष म्हणजे वगळण्याचा धडा नव्हे. आज उर्दू आणि मराठी माध्यमाची मुलेमुलीही कोडिंग शिकू लागली आहेत. त्यांच्या हाती तयार ओळी फार लवकर येतात. एका ओळीत प्रोसेस जन्माला घालता येते, हे त्यांना पहिल्या आठवड्यातच समजते. तिचा निकालाचा अंक कोण वाचणार, ती अडकली तर किती वेळ थांबायचे, आपणच मध्येच बंद पडलो तर तिचे काय, हे विचारायला मात्र सहसा कुणी शिकवत नाही. हे तिन्ही प्रश्न त्या 27 ओळींच्या बाहेर राहिले आणि त्यांची उत्तरे शोधण्यात पन्नास वर्षे गेली. शिकवताना धड्याची सुरुवात त्या प्रश्नांपासून करावी. जन्म द्यायची ओळ नंतर फळ्यावर लिहिली तरी चालेल.