वाराची साक्ष

मानपाडा नांवाचीं दोन ठिकाणें आपणांपैकीं अनेकांस ठाऊक असतील. एक ठाण्यास घोडबंदर रस्त्यावर, म्हणजे साष्टी बेटांत. दुसरें खाडीपलीकडे डोंबिवलीजवळ. आज दोहोंकडे घरोघर एकच दिनदर्शिका टांगलेली असते. १७३० च्या सुमारास तसें नव्हतें. साष्टीवर पोर्तुगीजांचा अंमल असल्यामुळें तेथें ग्रेगोरियन दिनांक चाले. कल्याण प्रांतांत मराठे शक, तिथि व सुहूर सन लिहीत. आणि माहीमच्या खाडीपलीकडील मुंबईकर इंग्रज जुनें जूलियन पंचांग धरून पोर्तुगीजांच्या अकरा दिवस मागें असत. १७३९ सालीं वसई चिमाजी अप्पांस शरण आली, तो दिवस पोर्तुगीजांच्या लेखीं १६ मे, तर इंग्रजांच्या लेखीं ५ मे होता. दिनांक दोन, परंतु वार दोघांचाहि शनिवारच! पंचांगें बदललीं, तरी सात वारांची सांखळी तुटली नाहीं. १७५२ सालीं इंग्रजांनीं सप्टेंबरांतील अकरा दिवस गाळले, तेव्हां २ तारखेच्या बुधवारानंतर १४ तारखेचा गुरुवारच आला.

म्हणून जुन्या कागदावर तिथीबरोबर वार दिलेला असेल, तर तो संशोधकास मोठा साक्षीदार वाटतो. त्याची उलटतपासणी घरबसल्या करतां येते. ३६५ दिवसांत ५२ आठवडे जाऊन एक दिवस उरतो. म्हणून वार दर वर्षीं एकानें, आणि लीप दिवस मध्यें आल्यास दोहोंनीं पुढें सरकतो. यावरून रीत अशी : सालाचे शेवटचे दोन अंक, त्यांचा अपूर्णांक सोडून चतुर्थांश, महिन्याचा अंक, तारीख आणि शतकाचा अंक यांची बेरीज करून तीस सातांनीं भागावें. बाकी शून्य तर रविवार, एक तर सोमवार, याप्रमाणें पुढें. जानेवारीपासून महिन्यांचे अंक ०, ३, ३, ६, १, ४, ६, २, ५, ०, ३, ५. ग्रेगोरियन शतकांचे अंक १६०० पासून अनुक्रमें ६, ४, २, ० आणि २००० साठीं पुन्हां ६. लीप वर्षीं पहिल्या दोन महिन्यांच्या तारखांस बेरजेंतून एक वजा करावा.

आतां शिवजन्माचें उदाहरण घेऊं. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलींत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा उल्लेख आहे. बखरी शके १५४९ सांगत. म्हणून या नोंदीच्या खरेखोटेपणास फार महत्त्व आलें. तिचा दिनांक १९ फेब्रुवारी १६३०. वरील रीतीनें ३०, ७, ३, १९ व ६ मिळून ६५. बाकी २, म्हणजे मंगळवार! मग शकावली खोटी काय? नव्हे. तो दिनांक जूलियन आहे, आणि त्या पंचांगांत १६०० चा अंक २ येतो. बेरीज ६१, बाकी ५; शुक्रवार सिद्ध झाला. ग्रेगोरियन गणनेनें तोच दिवस १ मार्च होतो. वार सातांत एकदां योगायोगानेंहि जुळतो हें खरें. परंतु शिवभारतहि हाच शक व हीच तिथि देतें, तेव्हां दोन साक्षी एक होतात.

दुसरा घोंटाळा राज्याभिषेकाचा. ६ जून १६७४ हा गणितानें शनिवार, शकावलींत मात्र शुक्रवार. सिंहासनारोहण झालें तेव्हां तीन घटका, म्हणजे सुमारें सव्वा तास, रात्र उरली होती. इंग्रजांची तारीख मध्यरात्रींच पालटली होती. आपला वार सूर्योदयास पालटतो. दोघेहि खरेंच सांगत होते.

सारांश, वार सहसा खोटें बोलत नाहीं. परंतु तो कोणत्या पंचांगाच्या दिनांकाशीं ताडावयाचा, आणि लिहिणाऱ्याचा दिवस केव्हां उजाडे, हें आधीं पाहावें. ज्यानें तें पाहिलें नाहीं, त्यानें खऱ्या कागदास खोटा ठरविण्याची घाई करूं नये.